सांधा कुठे सुटला होता

साच्याचं काम बघणाऱ्या डिझायनरांचा फोन आला तेव्हा मी पुढच्या कामाला लागलेही होते. "मॅडम, तुमची फाईल उघडली, पण सॉलिड नाही येत. ४७ सुटे सरफेस दिसतायत. टोकाकडचे दोन तर आलेच नाहीत, तिथे भोकं आहेत. आणि उरलेलं शिवून शेल करायला गेलो तर तेही होत नाही."

सॉलिड म्हणजे सगळीकडून बंद, भरीव आकार; सरफेस म्हणजे त्याची सुटी, जाडी नसलेली पृष्ठं; आणि शेल करणं म्हणजे भरीव आकार आतून पोखरून ठरावीक जाडीची भिंत ठेवणं. वस्तू म्हणजे हातात धरून वापरायच्या एका मोजमाप-यंत्राचं कवच. लांबी १८० मिलिमीटर. पाठ तळव्यात बसावी म्हणून फुगीर, पोटाकडे बोटांसाठी दबलेलं, दोन्ही टोकं निमुळती. सपाट म्हणावा असा भाग जवळपास नाहीच. मी ते राईनो या त्रिमितीय मॉडेलच्या प्रोग्रामात केलं होतं. शोएजेस कमांड चालवून उघडी कड एकही नाही, हे पाहिलं होतं. माझ्या पडद्यावर ते एक अखंड, बंद मॉडेल होतं. तिकडे त्यांचा प्रोग्राम पॅरासॉलिड कर्नलवर, म्हणजे आकारांचं गणित करणाऱ्या गाभ्यावर, चालणारा, आणि मधे स्टेप फाईल, एका प्रोग्रामातून दुसऱ्यात मॉडेल नेण्याचं सामाईक स्वरूप. माझ्याकडे नीट, त्यांच्याकडे तुटलेलं, म्हणजे मोडतोड मधे कुठेतरी झाली असणार, असा मी सरळ हिशोब केला. त्या हिशोबापायी दोन दिवस गेले.

त्या दोन दिवसांत मी एक्सपोर्टच्या खिडकीतला प्रत्येक पर्याय बदलून पाहिला. स्टेपचे तीन प्रकार मिळतात, एपी २०३, एपी २१४ आणि एपी २४२. तिन्ही पाठवले. तिकडे फरक शून्य. तो पडणारही नव्हता, हे नंतर कळलं. आकार लिहिण्याची पद्धत तिन्हींमध्ये जवळजवळ एकच आहे. पुढच्या प्रकारांत रंग, थर, मापांच्या आणि त्यांत चालणाऱ्या फरकाच्या टिपा अशा गोष्टींची भर पडते. वाकडा सरफेस तिन्हींत तितकाच वाकडा लिहिला जातो.

मग आयजेस करून पाहिलं. हे १९८० सालचं जुनं स्वरूप, स्टेपचं मानक १९९४ मध्ये आलं त्याच्याही आधीचं. आयजेसमध्ये सॉलिड लिहिण्याची सोय पुढे आली खरी, पण व्यवहारात बहुतेक वेळा त्यातून सुटे ट्रिम केलेले, म्हणजे कडेने कापलेले, सरफेसच जातात आणि पलीकडच्याने ते शिवून घ्यायचे असतात. गंमत अशी, की आयजेसमधून ते हरवलेले दोन सरफेस पोहोचले. मला वाटलं, सुटलं. त्यांनी शिवणीची फट ०.०५ मिलिमीटरपर्यंत सैल करून सगळं जोडलं, सॉलिड तयार झालं आणि २ मिलिमीटर जाडीचा शेल पुन्हा अडकला.

एका सहकाऱ्याने सुचवलं, एसटीएल पाठव, ते कुठेही उघडतं. उघडतं, कारण त्यात वक्र उरतच नाही, नुसते सपाट त्रिकोण असतात. कवचाच्या पाठीची त्रिज्या जिथे साधारण १०० मिलिमीटर आहे, तिथल्या पूर्ण वर्तुळाचा विचार केला तर जीवेचं अंतर ०.१ मिलिमीटरच्या आत ठेवायला ७१ तुकडे लागतात, आणि ०.०१ च्या आत ठेवायला २२३. तुकडे कितीही वाढवले तरी प्रत्येक तुकडा सपाटच. त्रिमितीय छापून बघायला ते चालतं. साच्याच्या पोलादावर ते पैलू उतरले तर प्रत्येक नगाच्या पाठीवर चमकतील. शिवाय असा जाळीदार ठोकळा हातात आल्यावर साच्याच्या माणसाने त्याला ड्राफ्ट, म्हणजे नग साच्यातून सुटावा म्हणून भिंतींना दिलेला उतार, द्यायचा कुठे आणि साच्याच्या दोन भागांमधली विभागणीची रेषा काढायची कशावरून? हा मार्ग मी तिथेच सोडला.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. "तुम्ही मॉडेल बनवलंत तेव्हा टॉलरन्स किती होता?"

मी पाहिलं. ०.०१ मिलिमीटर. "आमच्या कर्नलची मूळ अचूकता ०.००००१ मिलिमीटर आहे," ते म्हणाले. म्हणजे हजारपट बारीक. "तुमच्याकडे जे चिकटलेलं दिसतं, ते आमच्याकडे उघडं दिसतं. फाईलने काही बिघडवलेलं नाही. तुमच्याकडे जे होतं ते तिने जसंच्या तसं आणलंय."

हे ऐकल्यावर मी जे केलं ते कदाचित कुणीही करेल. सेटिंगमध्ये जाऊन ०.०१ चं ०.०००१ केलं, पुन्हा एक्सपोर्ट केलं, पाठवलं. काहीही बदललं नाही. टॉलरन्सचा आकडा पुढे होणाऱ्या क्रियांना लागू होतो. जे छेद, जे ट्रिम, जे सांधे जुन्या आकड्यावर तयार झाले ते तसेच राहतात. भिंत बांधून झाल्यावर ओळंबा बदलण्यातला प्रकार.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की हा टॉलरन्स मुळात लागतो कशाला. मलाही हे इतक्या वर्षांनी नीट समजलं. दोन वक्र सरफेस एकमेकांना छेदतात तेव्हा त्यांची सामाईक कड नेमकी कशी लिहायची? दोन्ही दिशांनी तिसऱ्या घाताचे, म्हणजे रोजच्या वापरातले दोन सरफेस घेतले तरी त्यांच्या छेदरेषेचा बीजगणितातला घात ३२४ पर्यंत जातो. असली रेषा कुठलाच प्रोग्राम नेमकी साठवत नाही. तो काही बिंदू शोधतो आणि त्यांच्यातून एक साधा वक्र काढतो. त्यातही त्या एका कडेच्या तीन नोंदी असतात: एक वक्र अवकाशातला, एक पहिल्या सरफेसच्या अंगावर काढलेला, एक दुसऱ्याच्या. हे तिघे तंतोतंत एकावर एक कधीच बसत नाहीत. ते एकमेकांपासून किती लांब असले तरी 'एकच कड' म्हणायचं, तो आकडा म्हणजे टॉलरन्स. म्हणजे ट्रिम केलेल्या प्रत्येक वक्र मॉडेलमध्ये फटी असतातच. प्रत्येक प्रोग्रामची त्या फटींकडे डोळेझाक करण्याची मर्यादा तेवढी वेगळी.

आणि माझ्या मॉडेलमध्ये या अपरिहार्य फटींखेरीज मी स्वतः झाकलेल्या तीन फटी होत्या. पाठीच्या मागच्या भागात चार सरफेस एका कोपऱ्यात येतात. तिथे कडा जुळत नव्हत्या, मुदत जवळ आली होती, म्हणून मी जॉइनएज वापरलं होतं. ही कमांड दोन उघड्या कडांना 'तुम्ही आता एक' असं सांगते. सरफेस जागचे हलत नाहीत, फट जिथल्या तिथे राहते, फक्त मॉडेलच्या नोंदीत ती कड बंद होते. त्यानंतर शोएजेस चालवलं तर उघडी कड एकही दिसत नाही. तीच तपासणी करून मी फाईल पाठवली होती. आता मॉडेल फोडून अंतर मोजलं तेव्हा सगळ्यात मोठी फट ०.०४ मिलिमीटर निघाली. केसापेक्षा बारीक असेल, पण कर्नलच्या हिशोबात दरी.

पॅरासॉलिडसारखे कर्नल अशा कडा अगदीच नाकारत नाहीत. त्या कडेपुरता सैल टॉलरन्स लावून ती सामावून घेण्याची सोय असते. पण शेल किंवा फिलेट (कडेला दिलेली गोलाई) करताना प्रत्येक सरफेस सरकवून शेजारच्याशी पुन्हा छेदायचा असतो, आणि ढिल्या कडेवर तो हिशोब कोसळतो. आयजेसच्या वेळी नेमकं तेच झालं होतं. शिवण सैल केल्याने आकार बंद झाला, सुदृढ झाला नाही.

मी ठरवलं की डागडुजी नको, मुळापासून जायचं. आणि मूळ सापडलं ते माझ्या अपेक्षेपेक्षा खूप मागे. पाठीचा बाजूने दिसणारा वक्र, ज्यावर सगळा आकार उभा होता, तो मला डीएक्सएफ या रेखाचित्रांच्या फाईल-स्वरूपातल्या आराखड्यातून मिळाला होता. तो आराखडा जुन्या आर-१२ आवृत्तीत जतन केलेला होता. त्या आवृत्तीत स्प्लाइन, म्हणजे गुळगुळीत सलग वक्र, नावाची वस्तूच नाही, ती आर-१३ पासून आली. त्यामुळे कुणीतरी प्रेमाने काढलेला सलग वक्र माझ्याकडे येताना शेकडो लहान रेघांची पॉलीलाइन झाला होता. मी त्या रेघांच्या टोकांमधून एक वक्र ओवून घेतला. दिसायला गुळगुळीत. पण वक्रतेचा आलेख लावला तर करवतीचे दाते. वक्राला आकार देणारे दोनशेच्या वर कंट्रोल पॉइंट, आणि प्रत्येक पॉइंट वक्राला थोडा थोडा हिसका देणारा. असा वक्र घेऊन केलेला प्रत्येक सरफेस जड, प्रत्येक छेद अवघड, आणि एक्सपोर्टच्या वेळी फाईल फुगलेली. आलेख मी तेव्हाच लावायला हवा होता, अर्ध्या मिनिटाचं काम.

नवा वक्र मी हाताने काढला. पाचव्या घाताचा, सहा कंट्रोल पॉइंटचा, मधे एकही नॉट, म्हणजे वक्राच्या तुकड्यांमधला सांधा, नाही. सहा पॉइंट म्हणजे फारच कमी वाटतात, आणि जुन्या रेघांवर तो तंतोतंत बसतही नाही. सगळ्यात जास्त फरक ०.०६ मिलिमीटर आला. आधी हा फरक बघून जीव खाली-वर झाला. मग आराखडा काढणाऱ्या डिझायनरांना दोन्ही वक्र एकावर एक ठेवून पाठवले, त्यांनी नवा पसंत केला. त्यांच्या मूळ स्प्लाइनच्या तो जास्त जवळचा होता, कारण रेघा त्या स्प्लाइनचा आधीच विद्रूप झालेला ठसा होत्या. तेव्हापासून वक्र मागवताना मी आराखड्याची आवृत्ती विचारते आणि स्प्लाइन स्प्लाइन म्हणूनच हवा असं लिहून देते.

वक्र हलका झाल्यावर सरफेसही हलके झाले. आधी पाठीचे पाच पट्टे होते, आता एकच मोठा सरफेस पुरला.

मधली रेषा मात्र वेळखाऊ ठरली. कवच डावीकडून उजवीकडे सममित आहे, म्हणून मी अर्धं बनवून आरशातल्यासारखं पलटवलं होतं. जोडावर ते गुळगुळीत आहे असं मी धरून चालले होते. राईनोत कोनाचा टॉलरन्स १ अंश होता आणि जोडावरचा मोड होता ०.४ अंशाचा, म्हणून तिथे कुणी हरकत घेतली नव्हती. तिकडे मात्र बरोब्बर मधोमध एक धारदार कड उमटली होती, आणि गुळगुळीतपणा तपासायला पृष्ठावर उमटवतात ते झेब्राचे पट्टे तिथे मोडत होते. इलाज जुनाच आहे, फक्त आळस न करता करायचा. सममितीच्या प्रतलावरची कंट्रोल पॉइंटची पहिली ओळ आणि तिच्या शेजारची दुसरी ओळ यांना जोडणाऱ्या रेघा प्रतलाला काटकोनात हव्यात. म्हणजे दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक पॉइंटची लांबी आणि उंची पहिल्या ओळीतल्या जोडीदाराइतकीच ठेवायची, फक्त बाजूचं अंतर वेगळं. एवढं केलं की पलटवल्यावर स्पर्शरेषा सलग येते, आणि दोन्ही बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असल्याने वक्रताही जुळते. मग मी दोन अर्धी जोडण्याऐवजी दोन्ही मिळून एकच सरफेस केला, मधली शिवणच काढून टाकली.

हरवलेले दोन सरफेस म्हणजे निमुळत्या टोकांवरच्या टोप्या. त्या मी त्रिकोणी केल्या होत्या. नर्ब्स सरफेसला (राईनोतले वक्र सरफेस याच पद्धतीचे असतात) मुळात चार बाजू असतात, त्रिकोण करायचा तर एक बाजू आक्रसून बिंदू होते. त्या बिंदूवर सगळ्या रेषा गर्दी करतात आणि सरफेसची लंबदिशा काय, हे ठरवणं कठीण होतं. काही कर्नल हे पचवतात, काही टाकून देतात. मी दोन्ही टोकांचा शेंडा छाटला आणि त्या भोकावर नीट चार बाजूंचा एक छोटा सरफेस बसवला, कडेने वक्रता जुळवून. कामाच्या या भागाचा मला मनापासून आनंद झाला, कारण टोकाची चमक पहिल्यांदाच स्वच्छ दिसली.

मग सगळे सरफेस ट्रिम काढून मोकळे केले, ०.०००१ वर टॉलरन्स ठेवून छेद नव्याने घेतले, ट्रिम केल्यावर उरलेला अदृश्य भाग श्रिंकट्रिम्डसर्फ वापरून कापला. ही शेवटची पायरी अनेकजण गाळतात. ट्रिम केलेल्या सरफेसचं मूळ अंग पलीकडे लांबवर पसरलेलं असतं, तिकडे ते वळून स्वतःला छेदत असेल तर पाहणाऱ्याला दिसत नाही, पण फाईलबरोबर ते सगळं जातं. जॉइनएज एकदाही वापरलं नाही. जिथे कडा जुळल्या नाहीत तिथे सरफेस पुन्हा केला. एका कोपऱ्यात तीनदा करावा लागला.

एक निर्णय मी घेतला तो काहींना पटणार नाही. लहान फिलेट आणि बटणांची भोकं मी मॉडेलमधून काढूनच टाकली. माझे फिलेट टोकाशी निमुळते होत होत ०.००६ मिलिमीटरच्या कडेत संपत होते, आणि अशा सूक्ष्म कडा पलीकडे हमखास त्रास देतात. भोकांचं कारण वेगळं. वर्तुळ नर्ब्समध्ये नेमकं लिहिता येतं, पण त्यासाठी पॉइंटना वजन द्यावं लागतं, चतुर्थांश वर्तुळाच्या मधल्या पॉइंटला सुमारे ०.७०७१. वाटेत कुठे ती वजनं काढून साधा तिसऱ्या घाताचा वक्र केला गेला तर वर्तुळ 'जवळजवळ वर्तुळ' उरतं. चतुर्थांशाला एक तुकडा धरला तर चूक त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के, ९ मिलिमीटर त्रिज्येला साधारण ०.००२४ मिलिमीटर. आकडा किरकोळ आहे. अडचण ही, की मग ते भोक पलीकडच्या प्रोग्रामला दंडगोल म्हणून ओळखू येत नाही. केंद्र पकडता येत नाही, व्यास बदलता येत नाही. जे काम त्यांच्या प्रोग्रामात दोन क्लिकमध्ये आणि खरं होतं, ते मी लांबून अंदाजाने करून का पाठवावं? मी भोकांची केंद्रं, व्यास आणि फिलेटच्या त्रिज्या एका तक्त्यात लिहून दिल्या. वक्र अंग माझं, यांत्रिक तपशील त्यांचे.

पाठवण्याआधी यावेळी तपासणी वेगळी केली. स्टेप फाईल रिकाम्या दस्तऐवजात परत उघडली. सरफेसची संख्या १९, मूळ मॉडेलमध्येही १९. घनफळ ताडून पाहिलं, दशांशानंतर तिसऱ्या स्थानापर्यंत तेच. पण आपलीच फाईल आपल्याच प्रोग्रामात उघडणं म्हणजे आपलं पत्र आपणच वाचणं, म्हणून तीच फाईल फ्रीकॅडमध्येही उघडली. तो ओपन कॅस्केड या वेगळ्याच कर्नलवर चालतो आणि त्यात भूमिती तपासायची सोय आहे. तिथे एक तक्रार निघाली, पोटाकडच्या सरफेसची एक कड जरा स्वतःवर दुमडत होती. ती सुधारली. शेवटी स्टेप फाईल साध्या मजकुराच्या प्रोग्रामात उघडून एकक मिलिमीटर लिहिलंय ना, ते डोळ्यांनी वाचलं. ती साध्या अक्षरांची फाईल असते, हे अनेकांना माहीत नसतं.

दुपारी साच्याच्या डिझायनरांचा फोन आला. "एकच सॉलिड आलं. फट एकही नाही." मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं, "शेल मात्र एका जागी अजून अडतोय."

क्षणभर मन खचलं. पण यावेळी मी एक्सपोर्टच्या खिडकीकडे गेले नाही. जागा विचारली, आणि तिथली वक्रतेची त्रिज्या मोजली. पोटाच्या कडेशी एक बाहेर फुगलेलं वळण १.६ मिलिमीटर त्रिज्येचं होतं. आतल्या बाजूला २ मिलिमीटर सरकवल्यावर १.६ त्रिज्येचं काही शिल्लकच राहत नाही, सरफेस स्वतःमधून आरपार जातो. यात फाईलचा दोष नव्हता, शिवणीचाही नव्हता, आकारच त्या जाडीला जागा देत नव्हता. मी वळण २.५ पर्यंत वाढवलं, शेजारचे दोन सरफेस पुन्हा जुळवले, आणि संध्याकाळी नवी फाईल दिली.

रात्री त्यांनी पडद्याचं एक चित्र पाठवलं. शेल झालेला होता, आणि पाठीवर त्यांनी स्वतःहून झेब्रा लावला होता. पट्टे मधल्या रेषेवरून न अडखळता पलीकडे गेले होते, टोकाच्या टोपीवरूनही. मी ते चित्र बराच वेळ बघत होते.

खाली दोनच ओळी होत्या. "आता ड्राफ्ट लावतो. झाकणाची फाईल उद्या द्या, टॉलरन्स हाच ठेवून."